वेलिका आजींचं जेवण

११ फेब्रुवारी

काल प्लोवदिवहून परतले. ‘रुग्णाचा आहार आणि परिचारिका’ असं त्या प्रशिक्षणाचं नाव. मेट्रन स्पास्काने मला न विचारताच माझं नाव घातलं होतं. म्हणाली, “घरी बसून तरी काय करणार आहेस? जाऊन ये.” या नोकरीत माझे केस पिकले, आणि आता मला जेवण कसं द्यायचं ते शिकवणार, म्हणून मी जरा फुरंगटूनच गेले होते.

पण पहिल्याच सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, “काल तुमच्या वॉर्डात कुणी किती खाल्लं?” आम्हाला ताप, रक्तदाब, लघवी, सगळं तोंडपाठ. पण ताटात काय उरलं होतं ते एकीलाही सांगता येईना. बाई म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत माणूस उपाशी मरू शकतो आणि तक्त्यावर सगळं ठीक दिसतं.” हे वाक्य मनात रुतून बसलंय.

संध्याकाळी घर थंडगार होतं. एकटीसाठी चूल कशाला पेटवायची? नवरा, माझा दिमो, असता तर मी दारात पाय ठेवायच्या आत काहीतरी रटरटत असतं. चहा घेतला आणि अंगावर दोन पांघरुणं ओढली.

बाईंनी सांगितलंय, वॉर्डात जे दिसेल ते रोज लिहून ठेवा. म्हणून हे लिहिणं. रोज जमेल असं वाटत नाही.

१३ फेब्रुवारी

आज मी वॉर्डात सगळ्यांना नकोशी झाले. चार नंबरचे आजोबा खात नाहीत अशी तक्रार होती. जाऊन पाहिलं तर ट्रे पायथ्याशी, कवळी कपात, आणि कप खिडकीत. माणूस खाणार कसा? सात नंबरच्या बाईला तपासणीसाठी उपाशी ठेवलं, तपासणी पुढे ढकलली, पण उपास सोडायला सांगायचं सगळे विसरले. ती बिचारी दुपारपर्यंत मुकाट्याने पडून होती.

डॉक्टर बेलेवांना सांगितलं, जेवणाच्या वेळेत राउंड घेऊ नका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे मीसुद्धा जेवायला जाऊ शकेन? मंजूर.” आचाऱ्याला सांगितलं, अशक्त रुग्णांच्या सूपमध्ये लोणी आणि दुधाची भुकटी घाल, वाटी तेवढीच, ताकद दुप्पट.

माझ्याबरोबर ड्यूटीला असते ती इस्क्रा माझ्याहून वीस वर्षांनी लहान, जिभेला हाड नाही. म्हणाली, “रूसाताई, प्लोवदिवला गेलीस सिस्टर आणि परत आलीस सासू होऊन.”

१८ फेब्रुवारी

वर डोंगरातल्या वाडीवरून एका आजींना आणलं. वेलिका नाव. मेतोदी म्हणून एक गृहस्थ आहेत, गाडीतून वरच्या गावांना पाव पोचवतात. बर्फामुळे रस्ता बंद होता. उघडला तेव्हा ते सगळ्यात आधी यांच्या दाराशी गेले, तर चूल विझलेली आणि आजी बिछान्यात. नवीन वर्षापासून चहात बुडवलेल्या पावावर होत्या. घरात पीठ, बटाटे, घेवडा, सगळं होतं. बहीण बरोबर राहायची, ती नोव्हेंबरात गेली.

वजन चाळीसच्याही खाली. दंडाचं माप घेताना माझा अंगठा आणि बोट एकमेकांना टेकले.

“काय मोजतेस गं? शवपेटी करायला टाकलीस की काय?” आजी म्हणाल्या. आवाज बारीक, पण धार जागेवर.

“नाही आजी, तुम्हाला खायला किती द्यायचं ते ठरवतेय.”

“मला नकोय.”

डॉक्टर बेलेवांनी बजावून सांगितलं: आधी बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, मग अगदी चमच्या-चमच्याने, आणि रोज रक्त तपासायचं. इस्क्राला पटेना. “उपाशी माणसाला चमचा-चमचा? पोटभर द्या की!” मी तिला प्लोवदिवचं ज्ञान दिलं. शरीर उपाशी राहायला शिकलं, की एकदम अन्न आल्यावर गडबडतं. रक्तातले क्षार अन्नामागे पेशींत धावतात आणि हृदय कोरडं पडतं. उपाशी माणूस उपासाने मरत नाही इतका कधीकधी पहिल्या भरपेट जेवणाने मरतो. इस्क्राने हुज्जत न घालता छोटा चमचा उचलला. असं फार क्वचित होतं.

२० फेब्रुवारी

सकाळी ड्यूटीवर आले तर आजींची पावलं सुजलेली. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. श्वास भरभर, नाडी मध्येच एखादा ठोका गाळणारी. डॉक्टर बेलेवा धावत आल्या. रक्तातलं फॉस्फेट तळाला गेलेलं. मी म्हटलं, “पण आम्ही तर ठरवल्याइतकंच दिलंय!” डॉक्टर म्हणाल्या, “मग बाकीचं कुणी दिलं ते शोध.”

बाजूच्या कपाटात सापडलं: बिहीच्या मुरंब्याची बरणी, निम्म्याहून जास्त रिकामी, आणि कागदात बनित्साचा तुकडा. चीज आणि लोण्याचे पदर घातलेला, चांगला तळहाताएवढा उरलेला. म्हणजे आणला असेल केवढा!

मेतोदी बाहेर बाकावर टोपी चुरगळत बसले होते. मी तावातावाने गेले. त्यांनी मान वर केली. “सिस्टर, काल ती म्हणाली, बिहीचा मुरंबा खावासा वाटतो. कित्येक महिन्यांनी तिने काहीतरी मागितलं हो. मी तिला जगवायलाच आणलं होतं.” डोळ्यांतून पाणी. माझा सगळा राग जिथल्या तिथे विरला. ‘इथे तिला उपाशी ठेवतात’ असंच वाटणार ना बघणाऱ्याला! आम्ही एकमेकींना सगळं समजावलं, यांना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

शेजारी बसून सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे गारठलेल्या इंजिनासारखं. एकदम रेस दिली की फुटतं.” मी म्हटलं, “तसंच.” प्लोवदिवच्या बाईंनी इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

सलाईनमधून फॉस्फेट चाललंय. दुपारपर्यंत जागची हलले नाही.

२३ फेब्रुवारी

आजी वाचल्या. सूज ओसरली, नाडी सरळ झाली. डॉक्टर म्हणाल्या, आता हळूहळू वाढवत न्या.

२६ फेब्रुवारी

आता खायला मोकळीक आहे, तर आजी खात नाहीत. तोंड मिटून भिंतीकडे बघतात.

एकेक कारण तपासलं. कवळी सैल होती, नीट करवून घेतली. तोंडात फोड नाहीत. गिळताना ठसका नाही. पोट साफ आहे. गोड, आंबट, गरम, गार, सगळं करून पाहिलं. ताट मोठं वाटत असेल म्हणून बशीत दिलं. मेतोदींनी घरचं दही आणलं, मला दाखवून, परवानगी घेऊन. त्याचेही दोनच चमचे.

“का नाही खात, आजी?”

“भूक नाही.”

“भूक नसली तरी औषध समजून खायचं.”

“तू खातेस का औषध समजून?”

या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. आजारी माणसं असंच काहीबाही बोलतात.

१ मार्च

वसंताचा सण. सगळ्या हॉस्पिटलभर मनगटांवर लाल-पांढरे दोरे. इस्क्राने मलाही बांधला. एका वेढ्यात बसेना, दोनदा गुंडाळावा लागला. “दोरा लांब कापलास,” मी म्हटलं. ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. आजी कॉटवरून बघत होत्या.

दुपारी त्यांच्यासाठी दह्यातलं कोंबडीचं सूप घेऊन गेले.

“तू काय खाल्लंस आज?” आजींनी विचारलं.

“मी खाऊन आलेय, आजी.”

“काय खाऊन?”

“काहीतरी.”

“काहीतरी कसं लागतं गं चवीला? मी कधी खाल्लं नाही.”

मला हसू आलं. आजी म्हणाल्या, “इथे बस. एक चमचा तू, एक चमचा मी. नाहीतर घेऊन जा.”

रुग्णाच्या ताटातलं खाणं नियमात बसत नाही. पण मी स्वयंपाकघरातून दुसरा वाडगा आणला आणि बसले. एक चमचा मी, एक चमचा त्या. आजींनी जवळजवळ अर्धा वाडगा संपवला! आल्यापासून पहिल्यांदा. मी इतकी खूश झाले की मेट्रनला सांगायला धावत गेले.

४ मार्च

पद्धत लागू पडतेय. आज पाऊण वाडगा. रुग्णाच्या समोर बसून खाल्लं की रुग्ण जास्त खातो. हे प्लोवदिवला शिकवलं नव्हतं, बाईंना कळवलं पाहिजे.

आजी मात्र भारी संशयी. माझ्याकडे टक लावून बघतात. “तो चमचा रिकामा होता.” “नव्हता हो.” “होता. मी काय आंधळी आहे? परत भर.” वृद्ध रुग्णांत असा हट्टीपणा आढळतोच, धीराने घ्यायचं. माझ्या वाडग्यात बटाटा उरला तर त्या आपलाही ठेवतात. म्हणून संपवावा लागतो.

सूपनंतर जरा मळमळलं. सवय नाही दुपारी इतकं खायची.

१० मार्च

उद्यापासून ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास. आज रीतीप्रमाणे एकमेकांची क्षमा मागायची. लिलियाचा लाइपझिगहून फोन आला. “आई, वर्षभरात काही चुकलं असेल तर क्षमा कर.” “देवाने केली, मी केली. तूही कर.” मग तिचा नेहमीचा प्रश्न, “आज काय केलंस जेवायला?” मी सांगितलं: बनित्सा, उकडलेली अंडी, पांढरा हलवा, सगळं साग्रसंगीत. घरात अंडं नव्हतं. पण इतक्या लांब बसलेल्या पोरीला कशाला घोर लावायचा?

यंदा उपवास पूर्ण धरायचं ठरवलंय. आजवर कधी धरला नव्हता. दिमोने हसून हसून जीव नकोसा केला असता. एक बरं आहे, उपवास म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.

११ मार्च

आजींनी विचारलं, “आज तुझा वाडगा कुठे?”

“उपवास, आजी. ईस्टरपर्यंत.”

“आजाऱ्याला सूट असते.”

“तुम्हाला आहे ना. तुम्ही खा.”

“मी माझ्याबद्दल नाही म्हटलं,” असं पुटपुटल्या आणि तोंड मिटून घेतलं. “मग मीही धरते. धर्म काय तुझ्या एकटीचा आहे?”

पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात जाणार होती. पाळीव बोकडासारखी हटून बसलेली बाई. शेवटी दुसरा वाडगा आणला. रुग्णाच्या हितासाठी उपवास पहिल्याच दिवशी मोडला.

इस्क्रा दारात उभी राहून बघत होती. “आजी, जपून हं,” ती म्हणाली, “ही आमची ताई सगळा पाव संपवेल.” आजींनी तिला डोळा मारला. त्या दोघींचं चांगलं जमतं.

१५ मार्च

आजींचं वजन वाढतंय. आज व्हरांड्यापर्यंत चालल्या, माझ्या हाताला धरून. म्हणाल्या, “तुझा हात आहे की काठी?” मी म्हटलं, “काठीच समजा.”

१९ मार्च

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण खरं तेच लिहायचं असं ठरवलं होतं.

मेट्रनने सांगितलं होतं, सगळ्या सिस्टरना नवीन रुग्णाची आहार-तपासणी शिकव. दुपारी सगळ्या जमल्या. रुग्ण म्हणून कुणी पुढे येईना, सगळ्यांना आपापल्या वजनाची लाज. मी म्हटलं, “बरं, मी होते रुग्ण. इस्क्रा, तू विचार.”

तिने अगदी गंभीर आवाजात सुरुवात केली. “आजी, गेल्या काही महिन्यांत कपडे सैल झालेत का?” सगळ्या हसल्या. मी गणवेश चिमटीत धरून दाखवला, “मागच्याच महिन्यात आवळून शिवून घेतलाय.” सहज म्हटलं. हसणं थोडं कमी झालं.

“भूक कशी आहे?”

“ठीक.”

“काल रात्री काय खाल्लं?”

मी आठवायला लागले. चहा. परवा? चहा आणि बिस्कीट. मी म्हटलं, “पुढचा प्रश्न घे, वेळ जातोय.”

मग काट्यावर उभी राहिले. इस्क्राने आकडा वाचला, पुन्हा वाचला. मग दंडाला पट्टी लावली आणि तशीच धरून उभी राहिली. एकदा बोटाने पट्टी सरळ केली, जणू पट्टीच चुकतेय. कुणी हसत नव्हतं. शिकवल्याप्रमाणे गुणांची बेरीज झाली. मोठा धोका, ताबडतोब डॉक्टरांना कळवा, अशा रकान्यात मी बसले.

“काटा बिघडलाय,” मी म्हटलं. “तंत्रज्ञाला सांगते.”

डॉक्टर बेलेवा कधी येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या ते कळलं नव्हतं. “काटा बरोबर आहे, रूसा. सकाळी मी चढले होते त्यावर. दुर्दैवाने अगदी बरोबर आहे.”

रक्त घेतलं माझं. उगाच.

२१ मार्च

लोह कमी, बी-बारा कमी, प्रथिनंही. डॉक्टरांनी केबिनमध्ये बसवलं.

“कधीपासून चाललंय हे?”

“वॉर्डात गडबड असते, डॉक्टर. वेळ होत नाही.”

“गडबड वीस वर्षं आहे. हे सप्टेंबरपासून आहे.”

सप्टेंबरात दिमोला पुरलं. त्याचा इथे काय संबंध, ते मला कळलं नाही. त्यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला. त्या असं कधी करत नाहीत.

गोळ्या दिल्यात. जेवणानंतर घ्यायच्या आहेत.

३० मार्च

आजी आज आपणहून बहिणीबद्दल बोलल्या. झ्लाता नाव तिचं. दोघींनी लग्नं केली नाहीत. आईबापांमागे सगळा जन्म एकाच घरात.

“ती गेल्यावर मी दोघींचंच रांधत राहिले,” आजी म्हणाल्या. “हाताला सवय ना. मग अर्धं उरायचं. सकाळी भांडं उघडलं की ते उरलेलं दिसायचं. ते बघवेना. म्हणून कमी रांधायला लागले, तर भांडंच मोठं वाटायला लागलं. शेवटी चूलच नको म्हटलं. आणि तुला सांगते पोरी, त्रास काहीच झाला नाही. भूक आपली आपण निघून गेली. मला तर बरंच वाटलं, एक कटकट गेली.”

“मग मेतोदी वेळेवर आले.”

“तो उल्लू आला. मी त्याला आधी शिव्याच दिल्या.” मग म्हणाल्या, “तुझ्या घरी कोण रांधायचं?”

“दिमो. माझा नवरा. मला ड्यूट्यांमुळे वेळ नसायचा. तो बांधकामावरून आला की घेवडा टाकायचा, वर वाळलेला पुदिना चोळायचा.”

“आणि आता?”

“आता काय, आजी. एकटीला लागतं किती?”

आजींनी वाडगा पुढे केला, “चल. तुझी पाळी.”

शोकामुळे भूक मरते, ही ओळ प्रशिक्षणात होती. आजींची केस त्याचं चांगलं उदाहरण आहे. आमचं वेगळं. आमच्याकडे तोच रांधायचा, त्यामुळे उरण्याचा प्रश्नच आला नाही.

५ एप्रिल

आजी घरी गेल्या. त्यांचे दोन्ही गाल आता जरा भरलेत. मेतोदींना सगळं समजावून सांगितलं: रोज एक अंडं, दही, घेवडा शिजवून, सकाळी पाव देताना चूल पेटलीय का बघायचं, एकदम वजन उतरलं किंवा पावलं सुजली तर थेट खाली आणायचं. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकलं आणि शेवटी माझंच मला परत म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता.

गाडीत बसताना आजी माझा हात सोडेनात. “आता तुला कोण भरवणार?”

मी हसले. “आजी, तुम्ही उलटं बोलताय. भरवत होते मी.”

“हो का,” त्या म्हणाल्या. “बरं बाई. तसं असेल.”

१२ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. आजींच्या कॉटवर एक लाकूडतोडे आलेत, पाय मोडलाय. त्यांना भूक इतकी की शेजाऱ्याचंही खातात. आचारी अजून सवयीने दोन वाडगे पाठवतो. आज दुसरा परत पाठवला.

१७ एप्रिल

इस्क्रा डबा घेऊन समोर बसली. “ताई, चल, एक चमचा तू, एक चमचा मी.” मी म्हटलं, “ती रुग्णांसाठीची पद्धत आहे.” ती उठून गेली. रागावली की काय, कळेना.

तिच्या डब्यात भरलेल्या मिरच्या होत्या. वास चांगला येत होता.

२३ एप्रिल

मेतोदी मुद्दाम गाडी थांबवून वर आले. चेहरा उतरलेला. “सिस्टर, वेलिकाने पुन्हा खाणं सोडलंय. म्हणते, ती सिस्टर आल्याशिवाय घास घेणार नाही.”

नेहमी हेच होतं: वृद्ध माणूस घरी एकटं पडलं की सुधारलेलं सगळं पुन्हा घसरतं. मी विचारलं, पावलं बघितली? श्वास? ते म्हणाले, “तुम्हीच येऊन बघा. सोमवारी पाव नसतो, मी घ्यायला येतो.” आणि टोपी चुरगळायला लागले. खोटं बोलताना पोरं करतात तसं काहीसं. पण बिचारा घाबरला असणार.

मेट्रनने रजा लगेच दिली. मी कारण सांगायच्या आधीच.

२९ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

वर गेले. रस्त्याच्या कडेला अजून मळकट बर्फ, पण खालून पाणी वाहत होतं आणि कुरणं हिरवी होती. वाटेत मी मेतोदींना सगळं पढवत होते: अशक्तपणा फार असेल तर आपण तसंच परत फिरायचं, सरळ हॉस्पिटलला. ते “हो, हो” म्हणत होते आणि खिडकीतून बाहेर बघत होते.

आजी दारात उभ्या. कंबरेला एप्रन बांधलेला, गाल लाल, हातात बटाटे किसायची किसणी. धुराड्यातून धूर.

मी गाडीतून उतरले आणि तिथेच उभी राहिले. “तुम्ही जेवत नाही म्हणे.”

“जेवते की. कालच कोकराच्या फऱ्याची हाडं चघळली.”

“मग मेतोदी खोटं बोलले?”

“मी सांगितलं तसं बोलला. तू तरी कुठे खरं बोलतेस? ‘मी खाऊन आलेय, आजी.’” त्यांनी माझा आवाज हुबेहूब काढला. मेतोदींना एकदम गाडीत काहीतरी काम आठवलं.

राग यायला हवा होता. आला नाही. आत गेले तर टेबलावर तीन ताटल्या, ईस्टरची लाल रंगवलेली अंडी, ताजा पाव, आणि चुलीवर पातात्निक, किसलेला बटाटा आणि चीजची जाड पोळी, एका बाजूने सोनेरी. घरभर पुदिन्याचा वास. दिमोच्या घेवड्याचा वास. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

आजी पाठमोऱ्याच म्हणाल्या, “वॉर्डात कोण कुणाला भरवत होतं, तुला काय वाटलं?”

ते रिकामे चमचे, ते “परत भर”, उपवासाच्या दिवशी मिटलेलं तोंड. सगळं एकेक करून डोळ्यांसमोरून गेलं. इस्क्राला मारलेला डोळासुद्धा. मी बरेच दिवस मूर्ख होते, असं मनात आलं आणि त्याचं काही वाईट वाटलं नाही.

“पण तुम्हीही खात नव्हता ना, आजी? ते तरी खरं होतं?”

“ते खरं होतं,” त्या म्हणाल्या. “मी मरायलाच पडले होते. मग एक दिवस बघितलं, माझ्यापुढे चमचा धरणारी माझ्याहून वाळलेली. म्हटलं, हिच्याकडे बघायला कुणी नाही वाटतं. तुझ्यासाठी खाल्लं मी. नाहीतर कशाला खाल्लं असतं?”

जेवायला बसलो. आजींनी सणाच्या रीतीप्रमाणे अंड्यावर अंडं आपटलं, माझं फुटलं, त्यांचं शाबूत राहिलं. त्या पोरीसारख्या हसल्या. पातात्निकचा तुकडा तोंडात घातला आणि मला रडू फुटलं. सप्टेंबरात रडले नव्हते. पाहुण्यांचं करायचं होतं, लिलियाला सांभाळायचं होतं, मग ड्यूटी होती. आता तोंडात घास तसाच, आणि थांबता थांबेना. मेतोदी अंडं सोलायचे थांबले. आजी म्हणाल्या, “सोल तू. तिला रडू दे. घास गिळ पोरी, आणि मग रड. दोन्ही एकदम जमत नाही.”

मी घास गिळला. मग त्यांना दिमोबद्दल सांगत बसले. तो मीठ कधीच चाखून बघायचा नाही, अंदाजाने टाकायचा आणि अंदाज चुकला की पावाला दोष द्यायचा. शिट्टी वाजवत कांदा चिरायचा. शेवटच्या आठवड्यात त्याला स्वतःला काही जात नव्हतं, तरी खुर्चीवर बसून मला सांगत होता, “आता ढवळ, आता झाकण ठेव.” तो घेवडा मी कुणालाच वाढला नाही. त्यानंतर चूल पेटवली नाही.

हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. इथेही लिहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर आजींनी मला अंगणातल्या बाकावर बसवलं, गुडघ्यांवर शेळीच्या लोकरीचं पांघरूण घातलं. “जरा टेक. भांडी मी आणि हा उल्लू करतो.” ऊन होतं. आत भांड्यांचा आवाज, आजी मेतोदींना कशावरून तरी रागवत होत्या. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या पलीकडे सरकलं होतं. मान अवघडलेली. क्षणभर कळेना की पोटात हे काय होतंय. दुखत नव्हतं. आत कुणीतरी हळूच ओढल्यासारखं. मी ओळखायचा प्रयत्न करत तशीच बसून राहिले, मळमळ म्हणावी तर ती नाही.

मग आठवलं. भूक लागली होती.